दिसतं ते काढा

आठवीच्या पहिल्या तासाला भिंगारदिवे सर एक कोरा माठ घेऊन वर्गात यायचे. माठ टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, काढा. मुलं माना खाली घालून काढायला लागायची. एकदा बघितल्यावर पुन्हा वर बघायचं कशाला, माठ कुणी पाहिलेला नाही? दहा मिनिटांत वर्गभर गोल पोटाचे, सुबक तोंडाचे माठ तयार व्हायचे. सर बाकांमधून एक चक्कर मारायचे, चकार शब्द काढायचे नाहीत, आणि परत येऊन तो माठ दोन्ही हातांनी डोक्यावर उचलून फरशीवर आपटायचे. पुढच्या बाकावरच्या मुली किंचाळायच्या. खापऱ्या पार दारापर्यंत उडायच्या.

"आता काढा," सर म्हणायचे. "माठ तुम्हाला पाठ होता. खापऱ्या पाठ नाहीत. आता बघावंच लागंल."

नवीन आलेल्या शिपायाला दरवर्षी वाटायचं की सरांचं कुणाशी तरी भांडण झालं. जुन्या शिपायांना सवय होती, ते केरसुणी घेऊन व्हरांड्यात उभे राहायचे.

भीमराज भिंगारदिवे हा माणूस मूळचा पाथर्डीकडचा. आईबाप, आक्काबाई आणि रंभाजी, दर दिवाळीनंतर कोपरगावच्या बाजूला ऊसतोडीला यायचे, आणि पोरगं बैलगाडीत भांड्याकुंड्यांवर बसून यायचं. शाळा बुडायची. दिवसभर करायचं काय, तर चुलीतला कोळसा घेऊन पाण्याच्या टाकीवर बैल काढायचे. एकदा रंभाजी टाकीपाशी हातपाय धुवायला आला आणि चित्र बघून तसाच थांबला. "ह्यो आपला मोऱ्या मागचा पाय उचलून का उभाय रं?" पोरगं म्हणालं, तसाच असतो उभा. बापानं जाऊन खूर उचलून पाहिला, तर आत खिळा. रोज त्या बैलाला जुंपणाऱ्या माणसाला जे दिसलं नव्हतं ते पोराला दिसलं, कारण पोराला दुसरा उद्योगच नव्हता. तेव्हापासून भीमराजच्या डोक्यात पक्कं बसलं की नीट न बघणं हा गुन्हा आहे, आणि गुन्ह्याला शिक्षा झालीच पाहिजे.

पुढे त्यानं नगरला चित्रकला शिक्षकाचा डिप्लोमा केला आणि गोदावरीकाठच्या एका गावातल्या हायस्कुलात लागला. बायको भारती त्याच गावच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. दोघांचं बरं चाललं होतं, फक्त भीमराजचा राग कायम नाकावर. वर्गात कुणाच्या हातात खोडरबर दिसला की तो खिडकीबाहेर. "चुकलेली रेघ राहू दे, शेजारी दुसरी मार. कुठं चुकलास ते बघायला नको का?" आणि कुणी डोंगराचे दोन त्रिकोण, मधून उगवणारा सूर्य, झोपडी आणि नारळाचं झाड काढलं की लाकडी फूटपट्टी उभी धरून बोटांच्या पेरांवर. "नारळाचं झाड कुठं बघितलंस रे? ह्या गावात दाखव मला नारळाचं झाड!"

मारकुटा मास्तर हा काही कौतुकाचा विषय नाही. मुलांवर हात टाकायला कायद्यानं बंदी आहे, आणि ती असायलाच हवी. भारती तर तोंडावर म्हणायची, "तुमच्या हातात पट्टी नसती तर पोरांनी जास्त बघितलं असतं." पण गावानं कधी तक्रार केली नाही, कारण गावाला मारणं नवीन नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पोरं शिकत होती. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत माप घेणारी आठवीची पोरं त्या तालुक्यात दुसरीकडे कुठे बघायला मिळाली नसती.

त्यात मोनिका सगळ्यांच्या पुढे होती. तेरा वर्षांची, कमरेपर्यंत वेणी, बोलणं जवळजवळ नाहीच. ती कागदाकडे कमी आणि समोर जास्त बघायची. सरांनी तिला उभ्या वर्षात एकदाही पट्टी लावली नव्हती. तिच्या बापाचं नाव श्रीमंत, गावातलं बडं प्रस्थ. दोन डंपर, एक जेसीबी, आणि नदीच्या पात्रातून चोरून वाळू काढायचा धंदा. चोरून म्हणायचं आपलं, भर दिवसा चालायचा. शाळेचं लोखंडी फाटक श्रीमंतनंच दिलेलं, त्यामुळे मुख्याध्यापक शामकांत पाठक सर तो दिसला की खुर्ची सोडून उठायचे.

जानेवारीत एका शनिवारी भीमराजनं आठवीला नदीवर नेलं. दुसरा कुणी मास्तर असता तर त्यानं मुलांना घाटाकडे तोंड करून बसवलं असतं, घाट आहे, देऊळ आहे, पिंपळ आहे. हा म्हणाला, "जिकडं बघावंसं वाटंल तिकडं बघा. दिसतं ते काढा. सोडायचं काही नाही." पोरांना काय बघावंसं वाटणार? जे हलतं ते. निम्मा वर्ग घाटाकडे पाठ करून बसला. मोनिकानं बापाचा जेसीबी काढला, बादलीच्या दातांसकट, मोडका दातही सुटला नाही. गोरक्ष नावाच्या पोरानं भरलेला डंपर काढला, आणि सोडायचं काही नाही म्हटल्यावर नंबरप्लेटही काढली. नंबर अगदी सुवाच्य अक्षरात.

भीमराज हरखून गेला. त्यानं ती चित्रं सव्वीस जानेवारीला व्हरांड्यातल्या फळ्यावर लावली. चित्रकलेच्या मास्तराशिवाय ही चूक कुणाच्या हातून झाली नसती. एकेका चित्रापुढे उभा राहून तो रेघांचा जोर बघत होता, सावली बघत होता, अंतराचं माप बरोबर आलंय का ते बघत होता. त्या सगळ्याचं मिळून चित्र कशाचं झालंय हे ह्या बघण्याच्या पुजाऱ्याला दिसलंच नाही. पाहुणे म्हणून आलेल्या महसूलच्या तरुण अधिकाऱ्याला मात्र दिसलं. त्यानं मोबाईलवर फोटो काढला, मुलांचं कौतुक केलं आणि जाताना त्याच नंबरचा डंपर पात्रात पकडला.

त्या संध्याकाळी गोरक्षला त्याच्या बापानं कमरेच्या पट्ट्यानं सोललं, कारण बाप श्रीमंतच्याच डंपरवर ड्रायव्हर होता. मोनिकाचे रंग चुलीत गेले. आणि आठवड्याभरानं भीमराजची पाळी आली.

शाळा सुटून तासभर झाला होता. बंधाऱ्याच्या रस्त्यावर एक ट्रॅक्टर आडवा लावलेला होता. भीमराजनं मोटरसायकल थांबवली आणि चौघे जण झाडामागून निघाले. तोंडाला रुमाल, हातात टिकावाचे दांडे. पहिला दांडा गुडघ्यावर बसला आणि तो गाडीसकट आडवा झाला. मग कुणी पाठीत घातला, कुणी बरगड्यांत लाथा घातल्या. एक जण त्याच्या मानेवर पाय देऊन उभा राहिला. भीमराजनं खाली पडल्या पडल्या एकाचा पाय धरून ओढला, तो माणूस तोंडावर आपटला आणि त्याचा रुमाल सुटला. श्रीमंत होता. क्षणभर दोघं एकमेकांकडे बघत राहिले, हातभर अंतरावरून. श्रीमंतनं रुमाल पुन्हा बांधला नाही. त्यानं भीमराजचा उजवा हात मैलाच्या दगडावर ठेवायला लावला, दोघांनी तो दाबून धरला आणि श्रीमंतनं वरून दांडा घातला. एकदा. मग परत. तिसऱ्या वेळेला हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"काढ आता चित्रं," श्रीमंत म्हणाला. मग बुटानं तोंडावर एक लाथ घातली. भुवई फाटून रक्त डोळ्यात उतरलं.

कोपरगावच्या दवाखान्यात गावच्या चौकीचा हवालदार जबाब घ्यायला आला. कोण होते? भीमराज छताकडे बघत होता. पाठक सर आधीच येऊन कानाशी लागून गेले होते, की मास्तर, नोकरी आहे, बायको आहे, फळं-फुलं काढायला द्या मुलांना. पण पुढे तो जे बोलला ते पाठकांमुळे नाही. भीमराज घाबरला होता. सरळ, साधा, हाडापर्यंत घाबरला होता, आणि ही गोष्ट त्याला स्वतःबद्दल माहीत नव्हती.

"अंधार होता," तो म्हणाला. "तोंडं बांधलेली होती. कुणी दिसलं नाही."

हवालदारानं लिहून घेतलं. भारती कॉटच्या पायथ्याशी उभी होती. हवालदार गेल्यावर तिनं त्याच्या तोंडाशी पाण्याचा ग्लास धरला आणि म्हणाली, "साडेपाचला कसला अंधार हो?"

त्यानं डोळे मिटून घेतले.

दहा दिवसांनी तो शाळेत आला. हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. भुवईवर टाक्यांची काळी रेघ, एक डोळा अजून लाल, गालावर जांभळट पिवळे डाग. व्हरांड्यातला फळा रिकामा होता, टाचण्यासुद्धा काढून नेलेल्या. आठवीच्या पोरांनी त्याच्या गैरहजेरीत केलेली चित्रं टेबलावर ठेवली होती. त्यानं डाव्या हातानं चाळली. दोन त्रिकोणी डोंगर. मधून सूर्य. झोपडी. नारळाचं झाड. खालच्या कागदावरही तेच. त्याच्याही खाली तेच. मोनिकाच्या कागदावर नारळाची दोन झाडं होती.

भीमराजच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हात मोडला त्याचं त्याला एवढं वाटलं नव्हतं. ही पोरं पुन्हा आंधळी झाली तर आयुष्यात आपण काय केलं, असं त्याला वाटलं, आणि त्यानं तो गठ्ठा भिरकावून दिला. मग खुर्ची ओढून वर्गाच्या मधोमध ठेवली आणि तिच्यावर बसला.

"मला काढा. तोंड काढा. दिसतं ते."

पोरं काढू लागली. पेन्सिलींचा आवाज तेवढा येत होता. तास संपत आल्यावर तो उठला आणि बाकांमधून फिरला. पहिल्या कागदावर भांग पाडलेला, नीटनेटका भिंगारदिवे सर होता. दोन्ही भुवया सारख्या. दुसऱ्यावर तोच. तिसऱ्यावर तो चक्क हसत होता. एकाही कागदावर टाका नव्हता, डाग नव्हता, प्लास्टर नव्हतं. पोरांनी त्याची लाज राखली होती. ह्या गावात बाईच्या तोंडावर वळ असला की असंच बघायचं नसतं, आणि पोरं ते आईच्या दुधाबरोबर शिकलेली.

"डोळे फुटले का तुमचे?" तो ओरडला. त्यानं एक कागद फाडला, दुसरा फाडला. बाक लाथेनं उलटा केला, पाण्याचे डबे सांडले. समोर गोरक्ष बसला होता. डाव्या हाताची सणसणीत थप्पड गोरक्षच्या गालावर बसली. "हे काय आहे माझ्या तोंडावर? दिसत नाही तुला?"

गोरक्षच्या गालावर पाच बोटं उठली. तो रडला नाही. बापाच्या पट्ट्याचा मार खाल्लेला पोरगा थपडेला काय रडणार.

"सर," तो म्हणाला, "तुमीच पोलिसांना म्हनलात ना, कुनी दिसलं न्हाई. मी नंबर काढला तर माझं कातडं लोळवलं. तुमी मोठी मानसं, तुमाला दिसत न्हाई. मग आमालाच का दिसावं?"

भीमराज उलट्या बाकाशी उभा राहिला. गोरक्षच्या गालावरची बोटं त्याला दिसत होती, आणि ती आपली आहेत हेही दिसत होतं. मग त्यानं बाक सरळ केला. एका हातानं जमत नव्हतं, दोन पोरं मदतीला उठली, त्यांना त्यानं खाली बसवलं.

"गोरक्ष, चुकलो," तो म्हणाला. "तुला मारायला नको होतं. आणि मी खोटं बोललो. चौघे होते. चांगला उजेड होता. एकाचा रुमाल सुटला आणि मी त्याचं तोंड ह्या इतक्या जवळून बघितलं. मी भ्यालो म्हणून बोललो नाही. आज शाळा सुटली की चौकीत जाऊन सांगणार आहे."

नाव त्यानं घेतलं नाही. मोनिका मान खाली घालून बसली होती. तिला नावाची गरजच नव्हती. बापानं त्या रात्री जेवताना सगळं रंगवून सांगितलं होतं, आईनं हसल्यासारखं करून भाकरी वाढली होती.

"आता पुन्हा काढा," भीमराज म्हणाला आणि खुर्चीवर जाऊन बसला.

पुढचाही तास त्याचाच होता. ह्या वेळी पेन्सिली अडखळत चालल्या. मोनिका बराच वेळ नुसती बघत राहिली. मग तिनं हात लांब केला, एक डोळा मिटला आणि भुवईवरच्या टाक्यांचं माप घेतलं.

पण खेड्यातली शाळा ती. मधल्या वेळी कुणीतरी बाहेर बोललं, पानाच्या टपरीवरून कुणीतरी फोन केला. तास संपायच्या आत फाटकाबाहेर गाडी करकचून थांबली आणि श्रीमंत सरळ वर्गात शिरला. मागून पाठक सर "अहो साहेब, अहो साहेब" करत.

श्रीमंत पोरीच्या बाकापाशी थांबला. लाकडी पॅडवरचा कागद त्यानं बघितला. भीमराजचं तोंड होतं, फाटलेली भुवई, लाल डोळा, गालावर बुटाच्या टाचेची कड. जसं होतं तसं.

"ह्ये शिकतीस व्हय?" त्यानं मोनिकाची वेणी मनगटाला गुंडाळली आणि हिसका दिला. पोरगी बाकातून ओढली गेली, गुडघे फरशीवर आपटले. तिनं बाकाचा पाय दोन्ही हातांनी धरला. त्यानं पुन्हा हिसडलं. ती ओरडली नाही, पण तिच्या तोंडून जो आवाज आला तो त्या वर्गातल्या पोरांना पुढे कित्येक दिवस झोपेत ऐकू येत होता.

"सोड तिला!" भीमराज मध्ये पडला. डाव्या हातानं त्यानं श्रीमंतची गचांडी धरली. "माझ्याशी बोल! मी बघितलंय तुला, तूच होतास!"

श्रीमंतनं बाकावरचा पॅड उचलला आणि पूर्ण ताकदीनं त्याच्या डोक्यात घातला. भीमराज कोसळला. प्लास्टरचा हात अंगाखाली आला आणि तो गुरासारखा ओरडला. श्रीमंतनं वरून आणखी एक लाथ घातली. कानावरून रक्त वाहत फरशीवर आलं.

पाठक सरांनी खिशातून मोबाईल काढला आणि आयुष्यात पहिल्यांदा श्रीमंतच्या देखत चौकीला फोन लावला. देव जाणे त्यांच्यात कुठून बळ आलं. बहुतेक मुलीच्या त्या आवाजामुळे आलं असावं.

चौकी जवळच होती. तोच हवालदार आला. तोवर श्रीमंतनं पोरीची वेणी सोडली होती आणि रुमालानं तोंड पुसत खुर्चीवर पायावर पाय टाकून बसला होता. भारतीही उपकेंद्रातून धावत आली होती. ती नवऱ्याच्या डोक्याला कापूस दाबून धरत होती.

"मास्तर पाय घसरून पडले," श्रीमंत म्हणाला. "इचारा कुनालाबी."

"ह्यानं मारलं," भीमराज म्हणाला. "आज ह्यानं, आणि त्या दिवशीही ह्यानंच. मी बघितलं."

हवालदारानं त्याच्याकडे बघितलं. माणूस वाईट नव्हता, पण बरीच वर्षं नोकरी झालेली. "सर, मागच्या खेपेला तुमी लिहून दिलंय, कुनी दिसलं न्हाई म्हनून. आता दिसलं म्हनता. कोर्टात हे टिकायचं कसं? दुसरं कोनी सांगनारं पायजे." तो पाठकांकडे वळला. पाठक पुटपुटले, की मी दाराबाहेर होतो, मला नेमकं असं... मग हवालदार वर्गाकडे वळला. "पोरांनो, कुनी बघितलं?"

एकही मान वर झाली नाही. गोरक्ष आपल्या चपलांकडे बघत होता. त्याला दोष कोण देणार? श्रीमंत गालात हसला.

मोनिका उठून उभी राहिली. केस सुटलेले, गुडघ्यांतून रक्त.

भीमराजला ते दिसलं. ही आज घरी जाणार कशी? निजणार कुठे? आपल्या एका खोट्याचं ओझं ह्या पोरीच्या डोक्यावर गेलं, हे त्याला लख्ख कळलं. ह्या पोरीला आपण काहीच शिकवलं नसतं तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं, आणि भर वर्गात त्याला रडू फुटलं.

"खाली बस, मोनिका," तो म्हणाला. "तुला काही दिसलं नाही. खाली बस, बाळा."

"दिसलं, सर," मोनिका म्हणाली.

ती बापाकडे बघत होती, वस्तूकडे बघावं तशी, न घाबरता आणि न चिडता. बाप खुर्चीतून अर्धा उठला तरी तिनं नजर काढली नाही.

"पप्पांनी मारलं," तिनं हवालदाराला सांगितलं. "पॅडची क्लिपची बाजू लागली, कानाच्या वर. डाव्या हातानं मारलं. उजव्या हातात माझी येनी हुती."